टहाळ आणि तुळई

शिमगा उलटला की उत्तर कोकणातल्या खाचरांतून धूर निघू लागतो. ठाणे, पालघर, रायगड आणि वर घाटमाथ्यावर मावळ-मुळशी, इगतपुरीपर्यंत पसरलेली ही राब भाजण्याची रीत आहे. रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर, म्हणजे एकूण भातजमिनीच्या साधारण दहाव्या भागावर, आधी वाळलेल्या शेणाचा थर पसरतात. त्यावर ऐनाचे, किंजळीचे टहाळ रचतात. हे टहाळ थंडीच्या दिवसांत तोडून, वाळवून, भारे बांधून ठेवलेले असतात. टहाळांवर गवत आणि पातेरा, आणि सगळ्यांत वर ढेकळे फोडून केलेल्या बारीक मातीचा पातळ थर. आग लावतात ती वारा जिकडे जातो त्या टोकाला, म्हणजे ती वाऱ्याच्या तोंडावर, इंचाइंचाने मागे सरकत राहते. पाला भडकून विझला तर सगळी मेहनत फुकट जाते. माती भाजली पाहिजे, तिचा रंग पालटला पाहिजे. मृगाच्या तोंडाशी त्या काळ्या-तांबूस राखेत भात पेरले की तीन-चार आठवड्यांत आवण हातभर होते आणि आषाढात लावणीला निघते.

एवढ्या एका कामावरून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या दोन जिल्ह्यांतले शेतकरी आणि मुंबई सरकारचे जंगल खाते यांच्यात मोठा झगडा झाला. तो इतका वाढला की १८८५ मध्ये सरकारला या दोन जिल्ह्यांसाठी खास जंगल आयोग नेमावा लागला, आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल अनेक खंडांत छापला गेला. आरोप सरळ होता: राबामुळे जंगल मरते. तो पुढे इतक्या वेळा सांगितला गेला की आजही शाळेच्या पुस्तकी भूगोलापासून वनरक्षकाच्या बोलण्यापर्यंत तो गृहीत धरलेला आढळतो. हा आरोप मुळात चुकीच्या जागी ठेवला गेला, असे माझे मत आहे. राब करणाऱ्याला झाड जिवंत लागत होते. ज्यांना ते आडवे पडलेले हवे होते, त्यांनी राबकऱ्याला जंगलाचा वैरी ठरवले आणि झाडाशेजारी बारा महिने वावरणारा एकमेव राखणदार झाडापासून तोडला. त्याची किंमत कोकणच्या डोंगरांनी मोजली.

राब का लागतो, हे आधी नीट पाहायला हवे, कारण खात्याने तो अडाणी सवयीत मोजला. या पट्ट्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग आषाढ-श्रावणात. जमीन मुरमाड, उतारावरची, दरवर्षी धुपून हलकी होत जाणारी. भाताचे कोवळे रोप या पावसाच्या तडाख्यात टिकायचे तर पावसाळ्याचा जोर वाढण्याआधी ते अंगाने भरलेले पाहिजे आणि त्याच्या वाफ्यात तण नको. भाजणीने तणाचे बी आणि किडे मरतात, राखेतून खत मिळते आणि रोप चार दिवस आधी जोम धरते. कोकणच्या हंगामात ते चार दिवस म्हणजे निम्मे पीक. म्हणूनच भाताच्या खाचराबरोबर वरकस जमीन येत असे. ब्रिटिशांच्या जमीन महसूल सर्वेक्षणाच्या काळात वरकसावर हलका सारा बसवला गेला, त्यामागे तिच्यावर नाचणी-वरी पिकते हे एक कारण होतेच. गवत, पातेरा आणि टहाळ देऊन वरकस खालच्या खाचराला पोसते, हे दुसरे. वरकस, गावाजवळचे रान आणि खाचर अशी ती एकच शेती होती. कागदावर तिचे तीन तुकडे झाले, एक महसूल खात्याकडे, एक जंगल खात्याकडे, एक शेतकऱ्याकडे, आणि तंट्याची सुरुवात तिथेच झाली.

जंगल खात्याची बाजू काय होती, तीही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मुंबई इलाख्याचे पहिले जंगल संरक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये नेमले गेले. ते वैद्यक आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेची देखरेख त्यांनी केली होती आणि पुढे डॅल्झेल यांच्याबरोबर मुंबई प्रांताच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध केला. कोकणातले डोंगर उघडे पडत आहेत, झाडे गेली की ओढे आटतात, ही त्यांची चिंता खरी होती. तिच्यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. डोंगर खरोखरच उघडे पडत होते. प्रश्न आहे तो कारणाचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट लोहमार्गाने ओलांडला गेला. मैलाला पावणेदोन-दोन हजार स्लीपर लागत आणि ते कुजले की बदलावे लागत. १८८० पर्यंत देशभरात सुमारे नऊ हजार मैल लोहमार्ग झाला. यातले सगळे लाकूड ठाण्याच्या रानातून गेले असे कोणी म्हणणार नाही. बरेचसे दूरच्या जंगलांतून आणि परदेशातूनही आले. पण स्लीपर ठाण्याचा नसला तरी ज्या विचाराने जंगल मोजले गेले तो विचार स्लीपरचाच होता. १८६४ मध्ये देशपातळीवर जंगल खाते उभे राहिले, १८६५ मध्ये पहिला कायदा आला, १८७८ मध्ये दुसरा आणि कडक. या सगळ्यामागे रेल्वेला आणि सरकारी बांधकामाला लाकडाचा अखंड पुरवठा हवा, ही निकड होती, आणि ती त्या काळच्या कागदांत कुठेही लपवलेली नाही.

जिल्ह्यालगतचे दुसरे तोंड मुंबईचे. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत आठ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. कापसाच्या तेजीचा तो काळ. तेजी ओसरल्यावर १८७२ मध्ये हा आकडा साडेसहा लाखांच्या खाली आला आणि १८८१ मध्ये पुन्हा पावणेआठ लाखांच्या आसपास गेला. या माणसांच्या चुलीत जळणारे सरपण आणि कोळसा, त्यांच्या चाळींच्या तुळया, वासे, पायाड हे सगळे कुठून येत होते? वसई आणि उल्हासच्या खाड्यांतून पडाव भरून जात, आणि गाडी झाल्यावर आगगाडीने. ठाण्याचे रान मुंबईच्या इतके जवळ होते की त्याला बाजार शोधावा लागला नाही, बाजारच त्याच्यापर्यंत चालत आला. मालकी जमिनीवरची झाडे कुणाची, सरकारची की खातेदाराची, हा वाद सर्वेक्षणानंतर वर्षानुवर्षे लोंबकळत होता. आज हक्क आहे, उद्या राहील की नाही, अशी टांगती तलवार असताना व्यापारी दारात रोख घेऊन उभा राहिला तर खातेदाराने झाड विकले, यात नवल नाही. तोड वाढली ती या धास्तीने आणि या बाजाराने. त्यात राबाचा हात होता असे मानायचे तर ज्या झाडाचा टहाळ दरवर्षी लागतो ते झाडच कोळशाच्या भट्टीत घालणारा शेतकरी आपल्या पुढच्या वर्षीच्या भातावर पाणी सोडत होता, असे म्हणावे लागेल. संकटात माणूस तेही करतो. पण त्याला रीत म्हणत नाहीत.

ऐनाचे झाड या वादात मध्यभागी उभे आहे. साल भेगाळ, मगरीच्या पाठीसारखी, लाकूड टणक, पाने रुंद आणि जाड. जंगल खात्याच्या नोंदीत झाड म्हणजे खोड: घेर किती, सरळ वाढ किती, किती वर्षांनी तोडीला येईल, किती घनफूट देईल. या हिशेबात फांद्या छाटलेला ऐन म्हणजे बिघडलेला माल. त्याला गाठी पडतात, खोड पोकळ होते, तुळई निघत नाही. शेतकऱ्याच्या हिशेबात झाड म्हणजे पान. छाटलेला ऐन पुन्हा फुटतो, दाट फुटतो, आणि ओळखीचा ऐन दोन पिढ्या टहाळ देत राहतो. एकाच झाडाकडे पाहणारे हे दोन हिशेब आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. गडबड झाली ती एका हिशेबाला शास्त्र म्हटले गेले आणि दुसऱ्याला नासधूस, तेव्हा.

१८७८ च्या कायद्याने ही निवड कायम केली. राखीव जंगलात काय करू नये याची जी यादी त्यात आहे, तिच्यात झाड तोडण्याबरोबर फांद्या छाटणे, जाळणे आणि साल किंवा पाने काढणे हेही आहे. पान काढणे हा फौजदारी गुन्हा झाला. जंगल राखीव करण्याआधी हक्क सांगायला किमान तीन महिन्यांची मुदत होती, गावात मराठीतून जाहीर करण्याची तरतूदही होती. कायदा करणाऱ्यांनी कामकाजाची रीत पाळली, हे मान्य केले पाहिजे. पण वारली किंवा ठाकर माणसाने कुठला हक्क सांगायचा? ज्या गोष्टीसाठी कधी कुणाला विचारावे लागले नाही तिचा दस्तऐवज त्याच्याजवळ कसा असणार? १८७४ च्या सुमारास जंगल खात्यातले अधिकारी बेडन-पॉवेल यांनी ही गाठ एका शब्दाने सोडवून टाकली होती: लोक जंगलातून जे घेत आले ते हक्काने नव्हे, राजाने कानाडोळा केला म्हणून. म्हणजे ती सवलत. सवलत देणाऱ्याला काढून घेता येते. ठाणे-कुलाब्यात राबाचा टहाळ या शब्दात अडकला. जिथे चालू राहिला तिथे सवलत म्हणून, कुणाच्या मर्जीवर, आणि मर्जी सांभाळायला गार्डाला कोंबडी किंवा पायली तांदूळ पोचवण्याची नवी रीत त्याबरोबर गावात आली.

त्या काळाला आजची फूटपट्टी लावू नये, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून त्याच काळातली फूटपट्टी लावू. मद्रास सरकारने १८७१ मध्ये जंगल कायद्याच्या मसुद्याला विरोध केला तो याच मुद्द्यावर, की गावांचा हक्क नाही असे रान जवळजवळ सापडणार नाही. जंगल खात्याचे पहिले मुख्य अधिकारी डीट्रिश ब्रँडिस यांचेही मत होते की लोकांचे चालत आलेले वापर नोंदवून मान्य करावेत आणि गावांसाठी वेगळी जंगले राखावीत. कायद्यात ग्रामवन हा वर्ग घातला गेला, पण तो कागदावरच राहिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८ मध्ये या विधेयकावर निवेदन दिले, त्यात आग्रह होता तो गावकऱ्यांना विश्वासात घेण्याचा: त्यांना हाकलण्याऐवजी आपापले रान राखल्याबद्दल त्यांची कदर करा, म्हणजे जंगल वाढेल. १८८३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगल खात्याने डोंगरांसह गायराने गिळल्याची आणि गुरांना चरायला जागा उरली नसल्याची तक्रार आहे. फुले आणि सार्वजनिक सभा यांचे फारसे पटत नसे. शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सांगताना दोघे वेगवेगळ्या वाटांनी जात. जंगल खात्याच्या बाबतीत मात्र दोघांचा रोख एकच होता, आणि मला या काळातला तो सर्वांत बोलका पुरावा वाटतो. तेव्हा १८७८ चा कायदा त्या काळात अटळ होता, हे खरे नाही. दुसरी वाट समोर मांडलेली होती. ती निवडली गेली नाही.

सगळ्यांत जड आक्षेप राहतो. राबाने झाडे विद्रूप झालीच ना? त्या काळच्या अधिकाऱ्यांनी पाहिलेले बुटके, खांबासारखे उभे ऐन खरे होते की नाही? खरे होते. रायगड-ठाण्याच्या मालकी बांधांवर अशी झाडे आजही दिसतात, अंगावर गाठीच गाठी आणि माथ्यावर पानांचा झुबका. पण ही झाडे कुठे उभी होती, हे विचारले पाहिजे. राखीव रेषा आखली गेली तेव्हा डोंगराचा मोठा भाग रेषेच्या आत गेला. खाचरे तेवढीच राहिली, त्यांना लागणारा राबही तेवढाच राहिला, आणि आधी जो टहाळ शंभर झाडांवरून येत होता तो आता बाहेर उरलेल्या वीस झाडांवरून काढावा लागला. दोन-तीन वर्षांनी एकदा छाटले जाणारे झाड दरसाल छाटले जाऊ लागले. मग अधिकारी आला, त्याने ते भुंडे झाड पाहिले आणि राब झाडांना मारतो याचा पुरावा म्हणून त्याची नोंद केली. हा माझा तर्क आहे, हे मान्य. पण लोकसंख्या आणि खाचरे यांच्यात एका दशकात अचानक काही बदल झाला नसताना झाडांवरचा भार वाढतो, तेव्हा बदललेली एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे रेषा. राब सर्वत्र काटकसरीने होत होता असे माझे म्हणणे नाही. दाट वस्तीच्या खेड्यांत तो रेषेविनाही जड झाला असता. पण त्यावर उपाय गावाशी बसून पाळीपाळीने छाटणी ठरवण्याचा होता, आणि ते जमणारे होते, कारण पाळी म्हणजे काय हे भात पिकवणाऱ्या माणसाला शिकवावे लागत नाही.

राबाऐवजी दुसरे खत वापरता आले असते, हाही युक्तिवाद त्या वेळी झाला. त्याचे उत्तर सरकारच्याच शेतकी खात्याने दिले. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक ओझॅन यांनी १८८० च्या दशकात राब केलेल्या आणि न केलेल्या वाफ्यांचे तुलनात्मक प्रयोग केले आणि राब करणाऱ्या शेतकऱ्याची बाजू खरी ठरली. इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर १८८९ च्या अखेरीस भारतात आले. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात राबाची दखल आहेच, आणि जंगल खात्याने शेतीची गरज भागवावी, सरपण आणि चाऱ्यासाठी रान राखावे, म्हणजे शेण चुलीत न जाता शेतात जाईल, हा त्यांचा मुख्य आग्रह आहे. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा रासायनिक अभ्यास करून १९१२ मध्ये तो छापला. राबाचा गुण केवळ राखेतल्या क्षारांचा नाही, माती तापण्याचाही त्यात मोठा वाटा आहे, हे त्यातून पुढे आले. म्हणजे मातीचा थर वरून देणे, आग वाऱ्याच्या तोंडावर लावणे, ती सावकाश सरकू देणे, या ज्या गोष्टी पाहुण्या डोळ्याला अंधश्रद्धा वाटल्या असतील, त्यांच्यातच त्या रीतीचे मर्म होते. जंगल खाते ज्या कामाला नासाडी म्हणत होते, त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याची प्रयोगशाळा त्यामागची अक्कल मोजून दाखवत होती. या दोन खात्यांनी एकमेकांचे कागद वाचले असते तर अनेक कज्जे वाचले असते.

गावाचे चित्र मी गोड करतो आहे, असाही आक्षेप येईल. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ठाणे-कुलाब्याचे गाव एकजीव नव्हते. खाचरांचा खातेदार वेगळा, त्याचा राब भाजणारा गडी वेगळा, आणि रानात राहणारा कातकरी तिसराच. राबाचा हक्क मागणारा आवाज मोठा होता कारण त्यामागे जमीनदार खातेदार आणि लिहिणारे वकील होते. कातकऱ्याचा आवाज त्या कागदांत फार बारीक ऐकू येतो. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढणे हा त्याचा पिढीजात धंदा, त्याच्या नावातच तो आहे. जंगल कायद्याने खैर राखीव झाला आणि हा धंदा मोडला. डोंगर-उतारावर दळी तोडून, भाजून नाचणी-वरी काढायची त्याची आणि ठाकराची रीत आणखी कडकपणे आवळली गेली, कारण दळीमागे साऱ्याचे उत्पन्न नव्हते आणि वकीलही नव्हता. पुढच्या शतकात हीच माणसे कोळसा भट्ट्यांवर उचल घेऊन गुजरात-कर्नाटकापर्यंत जाऊ लागली. ज्या रानातले एक झाड तोडले म्हणून त्यांना दंड झाला असता, तसल्याच रानांचे कोळसे करण्यासाठी ठेकेदाराने त्यांना नेले. मग रान कुणापासून राखले गेले? गावातली विषमता खरी होती, पण कायद्याने ती कमी केली नाही. ज्याच्याजवळ मालकी वरकस होते त्याचा राब कसाबसा चालू राहिला, आणि ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याला रानातूनच उठवले गेले.

मराठी राज्यातही झाडांवर बंधने होती, त्याची आठवण इथे काढली जाते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसे घ्यावे याचे नियम आहेत. आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात, म्हणून ती बळजबरीने तोडू नयेत आणि घ्यायचीच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावीत, असे त्यात बजावले आहे. राज्यालाही तुळई आणि शिडाचा खांब लागत होताच, पण राज्याची गरज आणि रयतेचे झाड यांतला भेद त्या मजकुरात जागा आहे. ब्रिटिश कायद्यात उलट झाले, रान आधी सरकारचे आणि रयतेला काय राहते ते नंतर पाहू. झाडांचे प्रेम दोन्ही राज्यांना कमीअधिक असेल. झाडाचा धनी कोण, हे मात्र दोघांनी वेगळे ठरवले.

१८८५ च्या आयोगाने रयतेच्या तक्रारी ऐकल्या, काही प्रमाणात नियम सैल झाले. व्होल्करांच्या अहवालानंतर १८९४ चा जंगल धोरणाचा ठराव आला आणि त्यात शेतीची गरज जंगलाच्या उत्पन्नाच्या वर ठेवण्याचे तत्त्व मान्य केले गेले. पण तत्त्व सिमल्याला राहिले, गार्ड गावात राहिला. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह देशभर पसरला तेव्हा समुद्र दूर असलेल्या गावांनी मिठाऐवजी जंगलाचा कायदा मोडायला घेतला. यवतमाळ जिल्ह्यात पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलैला राखीव रानातले गवत कापले. समुद्र जवळ असलेल्या कुलाबा जिल्ह्यातही लोक मिठावर थांबले नाहीत. २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेर गावाचे लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेले. गोळीबार झाला. आठ गावकरी मेले, मामलेदारही मारला गेला. चिरनेरच्या हुतात्म्यांच्या यादीत आगरी, कोळी आहेत, कातकरीही आहे. पन्नास वर्षे साचलेला राग एका दिवशी डोंगरावर चढला. त्याला केवळ राष्ट्रीय चळवळीची लाट म्हणणे म्हणजे त्या माणसांच्या स्वतःच्या तक्रारीला बाजूला सारणे होईल. कोयता हे त्यांचे रोजचे हत्यार होते, टहाळ आणि गवत काढण्याचे.

राब आज कमी झाला आहे. कायद्याने तो बंद पडला नाही. रासायनिक खत आले, गुरे घटली, टहाळ तोडायला घरात माणसे राहिली नाहीत, मुलगा भिवंडीच्या गोदामात किंवा पनवेलच्या कंपनीत गेला. भाजणीने जमिनीतला जीव मरतो, धूर होतो, वणवा लागतो, म्हणून शेतकी खातेही राब टाळायला सांगते, आणि त्यातल्या काही गोष्टी बरोबर आहेत. एकोणिसाव्या शतकातली रीत जशीच्या तशी चालू राहावी, असा माझा आग्रह नाही. पण आज कोकणात शिफारस होते त्या चारसूत्री भातशेतीकडे पाहावे. तिच्या पहिल्या सूत्रात रोपाच्या गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळायला सांगितली आहे, रोप कणखर व्हावे म्हणून. दुसऱ्या सूत्रात बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा हिरवा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडायचा आहे. राख आणि पाला. गिरिपुष्पाची झाडे दरवर्षी छाटायची असतात आणि ती पुन्हा फुटतात, म्हणूनच ती निवडली आहेत.

ऐनाची छाटणी ज्या यादीने गुन्हा ठरवली, ती १९२७ च्या भारतीय वन कायद्यात सव्विसाव्या कलमात तशीच पुढे आली. तो कायदा आजही लागू आहे. जंगलात राहणाऱ्यांवर झालेला अन्याय सरकारने आपल्याच वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकात लिहून मान्य केला तो २००६ मध्ये, पहिल्या राखीव रेषेनंतर सव्वाशे वर्षांनी. रायगडातले कातकरी आणि ठाकर त्या कायद्याखाली दळीच्या जमिनींचे दावे मांडत आले आहेत.